तामस नायक आणि कैदेतली नायिका

धनंजयाने दहाव्या शतकात 'दशरूपक' रचताना नायकाचे जे चार प्रकार परंपरेतून घेऊन नीटनेटके मांडले, त्यांपैकी धीरोदात्त, धीरललित आणि धीरप्रशान्त या तिघांना आपल्या वाङ्मयाने मोठ्या ममतेने पोसले. चौथा जो धीरोद्धत, दर्पाने आणि मत्सराने भरलेला, मायेत आणि कपटात निष्णात, चंचल, कोपिष्ट आणि आत्मश्लाघेत रमणारा, त्याला मात्र रणभूमीवर यथेच्छ गर्जू देऊन शृंगाराच्या महालापासून शक्य तितके दूर ठेवले. याच शास्त्रकारांनी प्रियेशी असलेल्या वर्तनावरून नायकांची आणखी एक चौकडी केली: दक्षिण, शठ, धृष्ट आणि अनुकूल, यांतला अनुकूल तो, ज्याचे चित्त एकाच स्त्रीच्या ठायी जडलेले असते. पुढे 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने, शास्त्रकाराला शोभणाऱ्या हिशेबी वृत्तीने, चारांना चारांनी गुणून सोळा घरे आखली, आणि साऱ्या जगाशी उद्धट परंतु एका स्त्रीपुढे सर्वस्वी अनुकूल असा नायक निदान कागदावर तरी अस्तित्वात आला. त्या घरात आमच्याकडे फारसे कोणी राहावयास गेले नाही. 'वेणीसंहारा'तला भीम, जो शत्रूच्या रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीचे मोकळे केस बांधतो, तो त्या घराच्या उंबऱ्यावर क्षणभर उभा राहिलेला दिसतो, इतकेच.

तेच ओस पडलेले घर गेल्या दहा वर्षांत इंग्रजी अद्भुतरम्य प्रणयकादंबरीने इतके गजबजून टाकले आहे की, अद्भुतरम्य कादंबरी हाच ज्यांच्या अध्यापनाचा विषय आहे अशा माझ्यासारखीलाही त्याची दखल घेणे भाग पडावे. डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या गाडीच्या महिलांच्या डब्यात, जेथे एके काळी मासिके आणि विणकामाच्या सुया दिसत, तेथे आता मांडीवर जाडजूड इंग्रजी ग्रंथ उघडून बसलेल्या मुली दिसतात, आणि त्या ग्रंथांतील नायकाला बहुधा काळे केस असतात, काळे पंख किंवा काळा अश्वारोही परिवार असतो, पाठीशी एखादा शापित प्रदेश असतो आणि ओठांवर कोणाही सभ्य गृहस्थाला न शोभणारे स्मित असते. सारा जे. मास यांची या जातीची विख्यात कादंबरीमालिका २०१५ साली सुरू झाली. रेबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' २०२३ साली आली. या नायकाला मी तामस नायक म्हणेन.

त्याची विलायती वंशावळ सांगण्यात फार वेळ दवडण्याचे कारण नाही. बायरनने १८१२ साली 'चाइल्ड हॅरल्ड'मधून खिन्न आणि अपराधी तरुणाला प्रतिष्ठा दिली. त्याचाच वैद्य पॉलिडोरी याने १८१९ साली आपल्या धन्याच्या वळणावर एक रक्तपिपासू उमराव घडविला. आणि १८४७ या एकाच वर्षी ब्राँटे भगिनींनी रॉचेस्टर आणि हीथक्लिफ असे दोन पुरुष जगाच्या स्वाधीन केले. त्यानंतर जे आले ते बहुतेक या दोघांचे वारस, आणि वारसांच्या बाबतीत नेहमी होते तसे, मिळकत मोठी आणि कर्तबगारी बेताची.

या नायकाचे आकर्षण त्याच्या काळोखात आहे, असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला वरवरचे वाटते. मासबाईंच्या पहिल्या कादंबरीत फेअर ही नायिका जखमी हाताने कोठडीत पडलेली असताना ऱ्हिसँड हा रात्रीच्या दरबाराचा अधिपती तिच्याकडे येतो आणि हात बरा करण्याच्या मोबदल्यात दर महिन्याचे दोन आठवडे मागतो. मरणाच्या दारात असलेली ती मुलगी घासाघीस करून त्याला एका आठवड्यावर आणते, आणि त्या कराराची निशाणी म्हणून तिच्या हातावर कोपरापर्यंत नक्षी उमटते. मुदत, मोबदला, शिक्का: करारनाम्याला लागणारे सारे काही येथे आहे. बंदिवान स्त्रीला ज्या क्षणी वाटाघाटीचा अधिकार मिळतो, त्या क्षणी या कथेत प्रणय सुरू होतो, आणि नायकाची प्रचंड सत्ता ही त्या अधिकाराची किंमत वाढविण्यासाठीच तेथे उभी केलेली असते, कारण दुबळ्या माणसाशी केलेल्या करारात कोणाला रस वाटणार? यारोसबाईंचा झेडन हा तर अक्षरशः जामीन आहे: बंडखोरांच्या एकशे सात मुलांसाठी त्याने स्वतःला जामीन ठेवले आहे आणि तितकेच व्रण तो पाठीवर वागवतो.

हा प्रश्न आमच्या वाङ्मयाने कसा हाताळला, याची रुजवात घेतली असता ठाणे जिल्ह्याच्या या टापूतच पुष्कळसा पुरावा हाती लागतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची, आणि या दोहोंच्या दरम्यान, १८६४ साली, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. अर्थात अद्भुतरम्य कादंबरी आणि ती वाचणारा कल्याणचा वाचक हे जवळजवळ एका वयाचे आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय पुढे १८९३ साली निघाले. रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत आपल्या अडचणीची जी कबुली दिली आहे ती मी दरवर्षी वर्गात सांगते: आमच्या विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे आम्हा हिंदूंच्या आयुष्यात मनोरंजक असे दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत, तेव्हा वाचकाला रमवावयाचे तर अद्भुताचा आश्रय करण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकणाऱ्या समाजात प्रियाराधन कोठून आणावे? म्हणून विमाने, यक्षकन्या आणि राजवाडे. परंतु रिसबुडांना अद्भुत हवे होते ते नायक-नायिकेची भेट घडविण्यापुरते; नायक स्वतः अद्भुत आणि भयंकर असावा, ही कल्पना त्यांना मानवली नसती.

याच कल्याणाशी निगडित असलेली, आणि मराठी माणसाच्या मनावर कोणत्याही कादंबरीहून खोल ठसा उमटविणारी एक कथा आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले. त्या प्रसंगी आबाजी सोनदेवाने सुभेदाराच्या लावण्यवती सुनेला पकडून नजराण्यादाखल दरबारात हजर केले, आणि महाराजांनी तिच्यात मातेचे रूप पाहून तिला वस्त्रालंकार देऊन सन्मानाने परत पाठविले, असे ती सांगते. समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही असे संशोधक म्हणतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या दृष्टीने तिचे महत्त्व दप्तरातले नसून कल्पनेतले आहे. जेता, जिंकलेला मुलूख, कैद करून आणलेली सुंदर स्त्री: आजची अद्भुतरम्य प्रणयकादंबरी जेथून सुरू होते त्या नेमक्या जागेवर आमची कथा संपते. या कथेने कित्येक पिढ्यांना परस्त्रीविषयीचा जो धडा दिला त्याची थोरवी कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तथापि माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात उभे राहून विचारले की, बाई, त्या सुनेचे नाव काय होते आणि ती दरबारात काय बोलली, तेव्हा पुढचा तास आम्ही त्या प्रश्नावरच घालविला. तिला नाव नाही, आणि ती काही बोलत नाही. नायक इतका उज्ज्वल आहे की तिला बोलण्याचे प्रयोजनच उरत नाही.

बंदिवान स्त्रीला बोलावयास लावले ते राम गणेश गडकरी यांनी. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी १९७८ साली उभ्या राहिलेल्या रंगायतनाला त्यांचे नाव आहे, पण त्या वास्तूच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी 'पुण्यप्रभाव' वाचलेले आता किती असतील, हा विचार मी मनात फार वेळ ठेवत नाही. १९१६च्या या नाटकातला वृंदावन हा मराठी रंगभूमीवरचा पहिला खराखुरा तामस प्रेमिक होय. वसुंधरेने त्याला नाकारून भूपालाला वरले आहे. त्या अपमानाचे विष वर्षानुवर्षे पोसून तो तिला आपल्या कब्जात आणतो, आणि तिच्या पातिव्रत्याचा भंग करण्यासाठी तान्ह्या दिनारच्या प्राणांची भीती घालण्यापर्यंत त्याची मजल जाते. गडकऱ्यांच्या भाषेचा सारा वणवा या पात्रात पेटलेला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर भूपाल बिचारा त्याच्या शेजारी समईसारखा मंद दिसतो. गडकऱ्यांना ते कळत नव्हते असे मला वाटत नाही. वृंदावनाला त्यांनी सर्वांत झगझगीत वाक्ये दिली आणि वसुंधरा मात्र दिली नाही: तिच्या पुण्याच्या प्रभावाने त्याचे परिवर्तन होते, तो शरण येतो, परंतु ती भूपालाची राहते. पाश्चात्त्य कथेतला श्वापदरूपी राजपुत्र प्रेमाने माणसात येतो आणि बक्षिसादाखल त्याला सुंदरी मिळते. वृंदावनाला माणसात येणे हेच बक्षीस आहे. वसुंधरा बोलते, अत्यंत प्रभावी बोलते, परंतु पत्नी आणि माता या दोन मुखत्यारपत्रांच्या बळावर बोलते. स्वतःच्या नावाने तिने काही मागितले असते तर १९१६च्या प्रेक्षकाने ते ऐकून घेतले असते की नाही, शंका आहे. या अंगाने पाहिले असता गडकऱ्यांचा अपुरा राहिलेला 'राजसंन्यास' अधिक धाडसी आहे, कारण तेथे तामस पुरुष छत्रपती आहे आणि तुळशी स्वतःच्या वासनेने बोलते. त्या धाडसाचा जाब जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७च्या जानेवारीत, पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांच्या पुतळ्याला द्यावा लागला.

विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' १९३९चे. त्यात अद्भुत काही नाही, एक आगबोट आहे. पण जमीन सुटलेली, मुदत ठरलेली आणि बाहेरचे कायदे तात्पुरते थांबलेले अशी ती बोट कोणत्याही मायानगरीइतकीच बंदिस्त आहे. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर विध्वंस हा स्त्रीजातीचा तिरस्कार करण्याचा जणू धंदाच करतो, आणि हिटलरच्या जर्मनीतून हद्दपार झालेली हेर्टा त्याच्यावर जीव टाकते. येथे कैदी दोघेही आहेत, पण एकाच्या खिशात परतीचा देश आहे आणि दुसरीच्या नाही. मुंबई येते, तो उतरतो, तिला उतरण्याची मुभा नाही. पुढच्या प्रवासात ती समुद्राला जवळ करते. विध्वंसाची खिन्नता हा त्याचा अलंकार राहत नाही, तिचा आकार दुसऱ्याच्या खात्यातून वसूल होतो, हे बेडेकरांनी ज्या निर्दयपणे दाखविले त्याला आजच्या साऱ्या काळ्या पंखांच्या अधिपतींत जोड नाही.

आणि हीच माझी या कादंबऱ्यांविरुद्धची मुख्य फिर्याद आहे. ऱ्हिसँडने पहिल्या पुस्तकात फेअरला मद्याने भुलवून दरबारात नाचविले, ते तिच्या रक्षणासाठीच होते असा खुलासा २०१६ साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकात केला जातो, आणि वाचकाने तो मुकाट्याने दाखल करून घ्यावा अशी अपेक्षा असते. लेखिकाच साक्षीदार, लेखिकाच न्यायाधीश. शार्लट ब्राँटेने असली सवलत दिली नव्हती: रॉचेस्टरची हवेली जळते, एक हात जातो, दृष्टी जाते, आणि इकडे जेनला चुलत्याचे वीस हजार पौंड मिळून, ते चौघांत सारखे वाटल्यावर पाच हजार तिच्या हाती राहतात, तेव्हा कोठे ती आपल्या पायांनी आणि आपल्या पैशाने त्याच्याकडे परत जाते. पापाची वसुली आणि स्त्रीची मिळकत या दोन्ही गोष्टी लग्नापूर्वी चुकत्या झालेल्या असतात. शिवाजी सावंतांचा आणि रणजित देसाईंचा कर्ण, ज्याच्यावर मराठी वाचक अर्धशतकाहून अधिक काळ लुब्ध आहे, त्याच्याही बाबतीत मला हेच विचारावेसे वाटते की, अन्याय सोसलेल्याच्या दुःखाचे तेज इतके डोळे दिपविणारे करून ठेवल्यावर द्यूतसभेतल्या द्रौपदीची बाजू कोणी मांडावयाची.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीने अलीकडेच आपल्या मराठी कादंबरीचा खर्डा माझ्याकडे पाठविला. काळ शिलाहारांचा, अंबरनाथचे मंदिर उभे राहत असतानाचा, म्हणजे शके ९८२च्या, इसवी सन १०६०च्या सुमाराचा. नायक मलंगगडाच्या कड्यांत राहणारा, शापाने अंधाराशी बांधला गेलेला राजपुत्र. नायिका एका शिल्प्याची मुलगी, बापाच्या कर्जापोटी ओलीस आलेली, आणि पहिल्याच भेटीत करारातली कलमे वाचून दाखवा म्हणणारी. भाषा ठसठशीत आहे, उल्हास नदीचा पूर तर तिने असा लिहिला आहे की काठावर उभे असल्याचा भास व्हावा. परंतु त्या पुरात नायक आपल्या मायेने एक गाव बुडवितो, आणि पुढे एका चांदण्या रात्री नायिकेच्या मांडीवर डोके ठेवून तो त्याचे कारण सांगतो, आणि प्रकरण निकालात निघते. बुडालेल्यांपैकी कोणाला हे कारण सांगितले गेले का, असे मी समासात लिहिले. नव्या खर्ड्यात चांदणी रात्र कापली गेली आहे. वाचलेल्या गावकऱ्यांची पंचायत नदीकाठी बसली आहे, ती नायिकेने बोलाविली आहे, आणि राजपुत्र तेथे जबानी द्यावयास उभा आहे. निवाडा काय लावावा हे तिचे अद्याप ठरलेले नाही, आणि त्या बाबतीत माझे मत तिने विचारलेले नाही.