रिकामा स्लॉट

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार यादी लिहीत होता आणि मी मनातल्या मनात खोडत होतो. ३५ हजारांत कॉम्प्युटर बसवायचा म्हणजे प्रत्येक भाग दुसऱ्याच्या ताटातलं ओढणार. वेगळं ग्राफिक्स कार्ड सगळ्यांत आधी गेलं. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला. सहा कोर, आणि चित्र दाखवायची सोय त्याच्या पोटातच. ती सोय रॅममधूनच वाटा घेते, म्हणून १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८च्या दोन घेतल्या. दोन रस्ते मिळाले की त्या सोयीला जरा दम येतो. पॉवर सप्लायवर मात्र घासाघीस केली नाही. तो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर जीव जडला होता, नाही म्हणत नाही. घरचं जुनं पत्र्याचंच ठेवलं.

जोडणी झाली, तरी नजर मदरबोर्डवरच्या, ग्राफिक्स कार्डाच्या त्या लांब, मोकळ्या स्लॉटवर जात राहिली. मला हिशेब आणि लिखाण एवढंच करायचंय. कार्ड हवंय कशाला? तरी तो रिकामा आहे याचं बरं वाटतं. वडील नेहमी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे. मला तो नकार वाटायचा. त्यांनाही जागा राखून ठेवल्याचं असंच सुख होत असेल का, की ही माझीच समजूत?

दुकानदार म्हणाला, ‘‘वर्षभरानं या, वापरलेली कार्डं येतात आपल्याकडे.’’ मी फोन नंबर घेतला.