सम सगळ्यांना एकच

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या बंगल्यांची आवारं ऐसपैस. पुढे बंगला, मागे खोल्यांची एक ओळ. त्या ओळीला आम्ही इथले मराठीही ‘क्वार्टर’च म्हणतो. स्वयंपाकीण, माळी, चौकीदार यांची कुटुंबं तिथे राहतात.

निवृत्तीनंतर मी व्हरांड्यात तबल्याचा वर्ग सुरू केला, तो बंगल्यांतल्या मुलांसाठी. क्वार्टरमधली मुलं पायरीवर बसून ऐकायची. तीनतालाच्या टाळ्या त्यांतली काही जणं आतल्यांपेक्षा बिनचूक देताहेत, हे दिसल्यावर त्यांनाही सतरंजीवर घेतलं. त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, असं ठरवलं.

खरी अडचण फीची नव्हतीच. घरात तबला नाही, मग रियाज कुठे करायचा? म्हणून सकाळी शाळेआधी व्हरांडा उघडा ठेवू लागले. शिवाय पढंतवर भर दिला. हातावर ताल धरून बोल म्हणायला वाद्य लागत नाही. भांडी घासतानाही तोंडाने ठेका चालू राहतो. माळ्याच्या मुलाने तबला लावायचं काम आपणहून अंगावर घेतलं. पावसाळ्यात पुडी ओल धरते, तबला उतरतो. मग तो हातोडी घेऊन बसायचा, काळी एकचा स्वर धरून गजऱ्यावर हलके ठोके द्यायचा आणि प्रत्येक घर कान लावून तपासायचा. तबला लागल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एकदा एका बंगल्यातला मुलगा तुकडा वाजवून ऐटीत थांबला. त्याच्याच घरी जिची आई पोळ्या करते, ती मुलगी खाली बघत म्हणाली, “दीदी, भैया एक मात्रा पहले आ गए.” त्याने चिडून पुन्हा वाजवलं. तिने हातावर मात्रा मोजल्या. सोळा संपून सम यायच्या आतच त्याचा ‘धा’ पडला होता. त्याने मुकाट्याने तिसऱ्यांदा वाजवलं आणि या वेळी तो समेवर आला. ‘भैया’ म्हणणं तिने सोडलं नाही, पण पुढे चूक दाखवताना तिची मान खाली नसे.

गाण्याबजावण्याने गरिबी हटते, असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे कुणी उस्ताद झालेलं नाही. पण आपलं बरोबर आहे हे ठामपणे सांगायची सवय या मुलांना दुसरीकडे लागणं कठीण. घरी, शाळेत, मालकाच्या दारात त्यांनी ऐकूनच घ्यायचं असतं. इथे चूक कुणाची, हे ताल ठरवतो.

अशा मुलांना शिकवताना मला मैहर आठवतं. इथून कटनीमार्गे सतन्याकडे जाणाऱ्या गाडीने ते लागतं. तिथे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी 1918च्या सुमारास साथीत अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग हे वाद्य बनवलं आणि या पोरांना रोज घासून तयार केलं. रविशंकर, निखिल बॅनर्जी ही बाबांच्या शिष्यांची नावं जगाला ठाऊक आहेत. वृंदातल्या त्या मुलांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पण त्यांना वाजवण्याचं काम मिळालं, मैहर संस्थानात जागा मिळाली. बाबांचा धाक मोठा होता, पण त्यांनी त्या मुलांकडे बिचारी म्हणून पाहिलं नाही, हे मला मोठं वाटतं.

मात्रा मोजून चूक दाखवणाऱ्या आमच्या त्या मुलीने गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा दिली, मग पुढच्याही. आता नवशिक्यांचा वर्ग तीच घेते. तिला शिकवण्याचे पैसे मिळतात, ते बंगल्यांतून येणाऱ्या फीमधून. सुरुवातीला एका आईने मला विचारलं, “तुम्ही नाही का शिकवणार?” मी म्हटलं, “हिच्या हातात लय पक्की आहे. महिनाभर पाठवून बघा.” मुलगा अजून येतो. आणि ती आईही आता तिला ‘मॅडम’ म्हणते.