वाट्या, वाफ आणि मिसळलेले क्षार

मिठागरातल्या पाण्यात मीठ एकटं कधीच नसतं. सोडियम आणि क्लोराइडसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असा सगळा गोतावळा तिथे नांदत असतो आणि प्रत्येकाचं वागणं इतरांमुळे बदलतं. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. मिठाच्या दाट द्रावणात ते सुमारे तिप्पट विरघळू शकतं. १८४९ साली उझिग्लिओनं भूमध्य समुद्राचं पाणी आटवत नेलं आणि कोणता क्षार कधी तळाशी बसतो ते नोंदलं: आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, त्यानंतर मीठ, आणि सरतेशेवटी मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार. क्रम कळला, पण त्यामागचा हिशेब मांडायला आणखी शंभरावर वर्षं लागली.

हा हिशेब सक्रियता गुणांकाचा, म्हणजे विरघळलेला क्षार प्रत्यक्षात कितीसा असल्यासारखा वागतो त्याचा. एक किलो पाण्यात एक मोल मीठ विरघळवलं, तर २५ अंशांना त्याचा गुणांक ०.६५७ येतो, म्हणजे ते जणू दोन-तृतीयांशच असल्यासारखं वागतं. पोटॅशियम क्लोराइडचा तेवढ्याच तीव्रतेला ०.६०४. डेबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये याचं कारण दिलं, की प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचं वलय असतं. पण त्यांचं सूत्र अतिविरल द्रावणापुरतंच खरं उतरतं. समुद्राच्या पाण्यापाशी ते थिटं पडतं.

तिथे मोजावंच लागतं.

त्यासाठीची एक पद्धत दिसायला अगदी साधी आहे. तांब्याच्या जाड ठोकळ्यावर चांदीच्या किंवा प्लॅटिनमच्या छोट्या वाट्या बसवतात. काहींमध्ये शुद्ध मिठाचं द्रावण, काहींमध्ये मिश्रण. भांड्यातली हवा काढून ते स्थिर तापमानाच्या पाण्यात हळूहळू हलवत ठेवतात. ज्या वाटीचा बाष्पदाब जास्त, तिच्यातलं पाणी वाफ होऊन दुसरीत जातं. सगळ्यांचे दाब सारखे झाले की ही ये-जा थांबते. मग फक्त वजन करायचं. मिठाच्या द्रावणाचे आकडे आधीच ठाऊक असतात, त्यावरून मिश्रणाचे निघतात.

कसब आहे ते बारकाव्यांत. हवा घाईनं ओढली तर द्रावण उसळतं, आणि एका वाटीतला शिंतोडा दुसरीत पडला की सगळा प्रयोग बाद. ठोकळा तांब्याचा, कारण बाष्पीभवनानं थंड होणाऱ्या वाटीला उष्णता तत्काळ पोचायला हवी. प्रत्येक द्रावणाच्या दोन वाट्या ठेवतात. त्या जुळल्याशिवाय आकडा वहीत चढत नाही. दाट द्रावणाला काही दिवस पुरतात, विरल द्रावण आठवडे खातं.

रसायनशास्त्रज्ञ हार्नेडनं विद्युतघट वापरून दुसरी वाट धरली. एकूण आयनबल (आयनांची तीव्रता आणि भार मिळून येणारं माप) तेच ठेवून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या जागी थोडंथोडं मीठ घातलं, तर आम्लाच्या गुणांकाचा लॉगरिदम सरळ रेषेत उतरतो. १९७३ पासून पिट्झरनं अशा मोजण्यांना एका समीकरणमालेत गुंफलं. हार्वी, म्योलर आणि वीअर यांनी १९८४ मध्ये त्याच पायावर खाऱ्या पाण्यातून काय काय खाली बसेल याचं गणित उभं केलं.

आज चिलीतल्या अटाकामाच्या खाऱ्या पाण्यातून लिथियम काढताना हे गणित संगणक क्षणात सोडवतो. ते वापरणाऱ्यानं समीकरणातल्या प्रत्येक स्थिरांकामागची मोजणी एकदा उघडून पाहावी: तापमान कोणतं होतं, द्रावण किती दाट होतं, सोबत कोणते क्षार होते. २५ अंशांना मिळालेले आकडे उन्हानं तापलेल्या तळ्याला तसेच लावू नयेत.