कूलर घ्यायचाय!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा सुरू झालेला. दुपारी जेवता जेवता नातू म्हणाला, "आबा, मला कूलर घ्यायचाय."

"अरे, आहे ना तुझ्या खोलीत!" आमची ही म्हणाली. "मागच्याच महिन्यात वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या."

"मला नाही गं आजी, कॉम्प्युटरला!"

नागपूरच्या घरात यावर हसू येणारच. आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीला लावलेली पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि सतत कुरकुरणारा पंप. कॉम्प्युटरलाही तसलं काही लागतं हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळत होतं.

मुलगा मात्र हसला नाही. "काही नको. बारावीचं वर्ष आहे. बंद पडतोय तर पडू दे."

नातू पुढे बोलला नाही. ताटातला भात चिवडत राहिला.

तो त्या कॉम्प्युटरवर गेम खेळतो असा माझाही समज होता. संध्याकाळी त्याच्या खोलीत गेलो तेव्हा कळलं की ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो तीन मिनिटांचा कार्टूनपट करतोय. एक म्हातारा आणि त्याची सायकल. (म्हाताऱ्याच्या मिशा ओळखीच्या वाटल्या, पण मी काही बोललो नाही.) सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे तीन मिनिटांची ४,३२०. ती एकेक करून मशीनकडून पक्की करून घ्यायची, याला म्हणे रेंडर म्हणतात. त्याला रात्र रात्र लागते. ते लवकर व्हावं म्हणून पठ्ठ्याने ओव्हरक्लॉकिंग केलं होतं, आणि आता रोज मध्यरात्री पडदा काळा होऊन सगळं बंद!

मी म्हटलं, "पैसे मी देतो. पण आधी मला शिकव. मला समजलं तरच पेन्शनमधून सुटतील."

माझं बी.ए. मराठीतून. विज्ञानाशी संबंध मॅट्रिकपर्यंतचा. पण विद्यार्थी म्हणून मी वाईट नाही असं नातवाचं मत पडलं.

तर मला समजलं ते असं. प्रोसेसर घड्याळासारख्या ठोक्यांवर काम करतो. ४.२ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४२० कोटी ठोके! ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं. पळताना तो अडखळायला लागतो. अडखळू नये म्हणून व्होल्टेज वाढवायचं. आणि मेख इथेच आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्याही पटीत वाढते. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर नातवाने गणित मांडलं. व्होल्टेज १.२ चं १.३५ केलं आणि वेग ४.२ चा ४.६. वेग वाढला साडेनऊ टक्के. उष्णता वाढली जवळजवळ ३९ टक्के! मी दोनदा ताळा करून पाहिला. बरोबर होतं.

एवढी उष्णता जाणार कुठे? मर्यादा आली की, आणि ती बहुतेक प्रोसेसरची ९० ते १०० अंशांच्या आसपास असते, तो बिचारा स्वतःच वेग कमी करतो. तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला बंद पडतो. म्हणजे ज्या वेगासाठी एवढा खटाटोप केला, तोच हातातून जातो.

"आणि आबा, एकाच नावाचे, एकाच कारखान्यातले दोन प्रोसेसर सारखे नसतात. एकाला ४.६ सहज झेपतो, दुसरा तेवढ्याच व्होल्टेजला कोलमडतो. सिलिकॉन लॉटरी म्हणतात याला."

इथे मी जरा गप्प झालो. त्याला वाटलं, आजोबांना झेपेनासं झालं.

मला १९८७ सालचा एक मुलगा आठवला होता. चौथीच्या शिष्यवृत्तीचा वर्ग माझ्याकडे असायचा. आदल्या वर्षी माझ्या दोन मुलांना शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यामुळे माझाही हुरूप वाढलेला. हा मुलगा त्या दोघांपेक्षा हुशार. मनात आलं, याला गुणवत्ता यादीत आणायचा. सकाळी शाळेच्या आधी दीड तास, शाळा सुटल्यावर दोन तास. त्याचा खेळाचा तास मीच बंद केला. जानेवारीपासून त्याचं डोकं दुखायला लागलं. मी म्हणायचो, "थोडी कळ काढ रे, दोनच महिने." परीक्षेच्या दिवशी त्याला उलट्या झाल्या आणि तो अर्धा पेपर टाकून बाहेर आला. फाटकाजवळ मी उभा होतो. मी काय म्हणालो असेन? "थोडक्यात घालवलंस!" सातवीच्या शिष्यवृत्तीला तो बसलाच नाही.

आदल्या वर्षीच्या दोघांना झेपलं म्हणून यालाही झेपेल, असं मी गृहीत धरलं होतं. वेग तेवढा वाढवत गेलो. ताप बाहेर जायला वाट ठेवली नाही, होती ती बंद केली.

असो. कूलरकडे वळू.

पहिला उपाय आजीने सुचवला. खोलीतला कूलरच कॉम्प्युटरकडे फिरवायचा! वाटतो तितका हा वेडगळ नाही. पंखा घ्या की पाण्याचं यंत्र घ्या, यातलं काहीही प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणजे खोली ४५ अंशांवरून ३२ वर आली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच उतरतो. पण कूलरचे तुषार मशीनवर उडायला नकोत, म्हणून तोंड दुसरीकडेच ठेवायचं. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की आपला कूलर निकामी. तेव्हा खोली थंड ठेवायची ती ठेवायचीच, पण मशीनचं वेगळं बघायचं.

आता मशीनसाठी तीन प्रकार. एक, प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला छोटा पंखा. कंपनीच्या ठरावीक वेगाला तो पुरतो, ३९ टक्के जादा उष्णता त्याच्या आवाक्याबाहेरची. दुसरा, टॉवर कूलर. तांब्याच्या नळ्या, त्यांवर पातळ पत्र्यांची चवड आणि बाजूला पंखा. या नळ्या पोकळ असतात आणि आत थोडंसं पाणी असतं, कमी दाबाखाली. प्रोसेसरजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ वर जाऊन पत्र्यांपाशी थंड होते आणि पाणी आतल्या जाळीतून परत खाली येतं. वाफ होताना उष्णता उचलायची, हे तर आपल्या माठाचं तत्त्व! फक्त इथे पाणी झिरपून संपत नाही, आतल्या आत फिरत राहतं.

तिसरा, लिक्विड कूलर. पंप, नळ्या आणि मोटारीसारखा छोटा रेडिएटर. दिसायला देखणा आणि मोठ्या उष्णतेला उत्तम. पण पंप बंद पडला की खेळ खलास, आणि वर्षानुवर्षं नळ्यांतून पाणी थोडं थोडं उडून जातं ते वेगळंच. टॉवरमध्ये हलणारी वस्तू एकच, पंखा. तो बिघडला तर पंखा तेवढा बदलायचा.

नातवाचं मन ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-डी१५ वर जडलं होतं. दोन पंखे, वजन १.३ किलो, उंची १६५ मिलिमीटर. मी माझी जुनी फूटपट्टी काढली. कॅबिनेटचं झाकण उघडून प्रोसेसरपासून झाकणापर्यंत मोजलं. १६२ भरले! तीन मिलिमीटरने ऑस्ट्रिया बाद. कूलर मास्टरच्या हायपर २१२ ची ब्लॅक एडिशन १५८.८ मिलिमीटर. ती बसत होती.

बर्डीवरच्या दुकानदाराने रंगीत दिव्यांचा लिक्विड कूलर पुढे केला. "काका, आजकाल सगळी मुलं हाच नेतात." किंमत टॉवरच्या तिपटीच्या आसपास. मी नातवाकडे पाहिलं. तो म्हणाला, "नको, आपलं ठरलंय." त्या क्षणी मला त्याचं फार कौतुक वाटलं.

घरी येऊन बसवला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावतात. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक खाचा असतात. खाचांत हवा राहते, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्ट त्या खाचा भरते. स्क्रू आवळायचे ते कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे. विजेरी धरायचं काम माझ्याकडे होतं.

मग नातवाने आपणहून एक केलं. वेग ४.६ वरून ४.४ वर आणला आणि व्होल्टेज १.२५. "आबा, ४.६ आपल्या चिपचा नाही. ४.४ ला ती खूश आहे." पुन्हा गणित केलं. पाच टक्क्यांहून थोडा कमी जादा वेग आणि १४ टक्के जादा उष्णता. रात्रभर रेंडर चाललं. सकाळी आकडा पाहिला, ७४ अंश. बंद पडला नाही.

नाश्त्याला मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच लाडावून ठेवताय." मी त्याला वर्तमानपत्राच्या कडेचं ते गणित दाखवलं आणि १९८७ ची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती. घरात कुणालाच नव्हती. नातू पहाटे साडेपाचला उठतो, क्लास, कॉलेज, परत क्लास, रात्री साडेनऊला घरी. बारावी महत्त्वाची आहे, मी मास्तर आहे, मला सांगायला नको. पण एवढ्या दिवसात त्याचा ताप बाहेर जायला एक खिडकी होती, ती आपण लावून घेत होतो. मुलगा बराच वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "रविवार दुपार त्याची. पण रात्री अकराला झोपायचं." तह झाला.

१९८७ चा तो मुलगा आता पन्नाशीकडे आलाय. स्वतःचं दुकान आहे, चांगलं चाललंय. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला, वाकून नमस्कार केला, "सर, तब्येत कशी आहे?" म्हणाला. फोन नंबरही दिला. मला तेव्हा बोलायचं होतं, पण पंगत बसत होती, गर्दी होती... कारणं काय, सापडतातच.

हे लिहून झालं की त्याला फोन लावतो.