न दुखणारा चट्टा

दंडावर आणि पाठीवर गुलाबी चट्टे उठले, तेव्हा ज्याने त्याने मला एकच विचारलं, "दुखतंय का?" नाही म्हटलं की प्रकरण मिटलं. आई म्हणाली, "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, सब्जा घे." मावशीने पित्त ठरवून आमसुलाचं पाणी लावायला सांगितलं. औषधाच्या दुकानातल्या मुलाने तर चट्टा न बघताच मलमाची ट्यूब पुढे सरकवली. दुखत नाही ना, मग कशाला घाबरायचं?

बरेचदा हा हिशेब बरोबरही येतो. घामाच्या दिवसांत छातीवर-मानेवर येणारी शिबं दुखत नाहीत. ती ज्या बुरशीमुळे येतात, ती एरवीही आपल्या कातडीवर मुकाट नांदत असते. पोरांच्या गालांवरचे पांढुरके डाग दिसले की "जंत झालेत" असा निकाल लागतो, पण बहुतेकदा ती कोरडी पडलेली, किंचित सुजलेली त्वचा असते. पोटावर रोज गरम पाण्याची पिशवी ठेवणाऱ्यांच्या किंवा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांच्या अंगावर तपकिरी जाळी उमटते. चटका बसत नाही, म्हणून ती कशाची हे ध्यानात येत नाही.

पण काही डागांना थारा देऊन चालत नाही. बारीक लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही फिके पडले नाहीत, तर रक्त कातडीखाली झिरपलंय असं समजावं. प्लेटलेट कमी झाल्याची ती खूण असू शकते, आणि डेंग्यूच्या दिवसांत ती उद्यावर ढकलू नये.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं विचारलंच नाही. आधी एकच मोठा चट्टा आला होता का, एवढं विचारलं. आला होता, कमरेवर. मग कापसाची बारीक वात करून त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. स्पर्श कळेल तिथे बोट ठेवा." वात टेकली, मी बोट ठेवलं, पुन्हा टेकली, पुन्हा ठेवलं. "हे आपसूक जाईल, महिना-दोन महिन्यांत," त्या म्हणाल्या. कापूस कशासाठी होता, हे मी विचारल्यावर कळलं. कुष्ठरोग नाही ना, हे त्या पाहत होत्या.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. तो इतका संथ वाढतो की लक्षणं दिसायला सरासरी 5 वर्षं लागतात, कधी 20 सुद्धा. तो नसांत घर करतो, म्हणून फिकट किंवा लालसर चट्ट्यावरची संवेदना जाते. मग चुलीपाशी बोट भाजतं आणि कळत नाही, पायातली चप्पल निसटते आणि माणूस तसाच पुढे चालत राहतो. हातापायांची झीज होते ती बहुतेक अशी, न कळलेल्या जखमांतून. एरवी ज्या वेदनेला आपण शिव्या घालतो, ती राखणदारी करत असते.

त्या चट्ट्याने दिलं नाही ते दुःख माणसांनी दिलं. गावाबाहेर काढलेल्यांसाठी दत्तपूर, तपोवन उभं राहिलं, 1949 मध्ये बाबा आमट्यांचं आनंदवन. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात 2019 पर्यंत होतं. असं असताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून डाग झाकणाऱ्याला भित्रा कसं म्हणावं? दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, ही पातळी देशाने 2005 च्या अखेरीस गाठली आणि रोग संपल्याचा समज पसरला. तो संपलेला नाही. आशाताई आजही दारोदार फिरून विचारतात, "अंगावर कुठे डाग?" आणि आतून उत्तर येतं, "आमच्यात नाही हो तसलं काही!"

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. डाग थोडे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12. ते सुरू झालं की संसर्गाची भीतीही लवकरच सरते. उशीर तेवढा आपल्या पदरचा.