माळवदाची तुळई

अंबाजोगाईच्या मोंढ्यापासून चार-पाच मिनिटांच्या अंतरावरील त्या घरात तळमजल्याला लोखंडी शटरची एक लांबट खोली आहे. बांधताना ती मोटारीसाठी म्हणून बांधली गेली. परंतु मोटार तिच्यात क्वचितच उभी राहिली. आधी सरकीची पोती आली, मग बारदान आले, मग दुकानातून उतरवलेला जुना तराजू आणि त्याची वजने आली. या सर्वांच्या मागे, भिंतीला लागून, दोन दगडांवर टेकवलेली एक अठरा फुटी सागवानी तुळई होती. तिला कोणी हात लावत नसे.

तुळई जुन्या वाड्याची. मराठवाड्यात ज्यांचे बालपण माळवदाखाली गेले, त्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. जाड भिंतींवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचन आणि किलचनावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात खाली गारवा, रात्री वर अंथरुणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत याच दगडामातीच्या भिंती आणि याच माळवदांचे ओझे हजारो निजलेल्या माणसांवर कोसळले. अंबाजोगाईत घरे हादरली, पडली नाहीत. पण त्यानंतर अनेक घरांतील माणसे कित्येक रात्री अंगणातच निजली. या कुटुंबाने दोन वर्षांत वाडा उतरवला. त्याच सुमारास दोघा भावांची वाटणीही झाली.

वाटणीपत्रक मोडीच्या वळणाच्या सुवाच्य देवनागरीत, घरच्याच मुनीमजींच्या हातचे होते. शेत, दुकान, आडतीचा परवाना, तांब्याचे हंडे, अगदी पानपुड्याचे डबेसुद्धा त्यात आले. मधल्या घराच्या तुळईवर मात्र दोघेही अडले. थोरल्यांना ती अखंड हवी होती, धाकट्यांनाही अखंडच हवी होती. शेवटी मुनीमजींनी एक ओळ लिहिली : ‘तुळई सागवानी, नग १, सामाईक.’ त्या एका ओळीवरून जे शब्द उच्चारले गेले ते पत्रकात नाहीत. धाकटे पुण्याला गेले. पुढे दोन्ही घरांची लग्ने झाली, निमंत्रणे गेली, माणसे येऊन जेवून गेली. दरवर्षी संवत्सरीला ‘मिच्छा मि दुक्कडम्’चे छापील कार्ड येई आणि जाई, मोबाइल आल्यावर एक रंगीत चित्र येऊ लागले, तेही दुसऱ्या कोणीतरी पाठवलेले पुढे ढकललेले. वर्षातून एकदा मागितलेली क्षमा नेमकी कशाबद्दल आहे, हे अशा चित्रात लिहिण्याची सोय नसते.

थोरल्यांनी सहासष्टाव्या वर्षी दुकानाची गादी मुलाकडे सोपवली. सोपवली म्हणजे खरोखर सोपवली. सकाळी जाऊन भावाची चौकशी करण्याचीही सवय त्यांनी मोडली. त्यानंतरचे रिकामे दिवस त्यांना जड जाऊ लागले. स्थानकात एक सामायिक, वर्तमानपत्र, औषधांच्या वेळा. तरी दुपार उरेच. तेव्हा एक जुनी गोष्ट वर आली. लहानपणी वाड्याच्या दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रींजवळ ते तासन् तास बसत. रंध्यातून निघणारी कुरळी साल गोळा करीत. एकदा त्यांनी करवत हातात घेतली, ती आजोबांनी पाहिली. ‘आपला हात तागडीचा आहे, करवतीचा नव्हे,’ एवढेच ते म्हणाले. त्या वाक्यात गादीचा अभिमान होता, तसा पंधरा कर्मादानांचा धाकही होता. वनकर्म श्रावकाने टाळावे, मग लाकडाला हात कशाला? घरचा मोडका पाट सांधणे आणि जंगल तोडण्याचा धंदा करणे यांतले अंतर आजोबांना कळत नव्हते असे नाही. मुलांना वळण लावताना मोठी माणसे अशी अंतरे समजावत बसत नाहीत, इतकेच.

त्या मिस्त्रींचा मुलगा आता सत्तरीत होता. त्याला बोलावणे गेले. शटरच्या खोलीत स्वतःसाठी एक कामाची जागा करायची आहे, हे ऐकून तो प्रथम हसला, मग शेठजींच्या गुडघ्यांकडे पाहून गंभीर झाला. आपल्याकडचा सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून काम करीत आला. लाकूड पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने धरायचे आणि हातांनी कापायचे. त्याला मेजाची गरजच पडली नाही. पण ती बैठक बालपणापासून अंगी मुरावी लागते. ‘शेठजी, तुम्हाला उभ्यानेच करावे लागेल,’ मिस्त्री म्हणाले, ‘आणि उभ्याने करायचे तर टेबल असे हवे, की ढकलले तरी हलता कामा नये.’

घरात उभ्याने काम करू पाहणाऱ्याची अडचण जगभर हीच असते. इंग्लंडमध्ये लोटस कंपनीच्या मोटारींचे आराखडे करणारे रॉन हिकमन १९६१ साली घरी कपाट बनवत होते. टेबल नव्हते म्हणून त्यांनी फळी एका महागड्या खुर्चीवर ठेवून कापली. फळीबरोबर खुर्चीही कापली गेली. त्या फजितीतून त्यांनी घडीचे, पकड असलेले कामाचे टेबल तयार केले. कंपन्यांनी ते नाकारले, तेव्हा त्यांनी ते टपालाने स्वतःच विकायला आरंभ केला. १९७२ पासून ब्लॅक अँड डेकर कंपनी ते बनवू लागली आणि पुढे ते कोट्यवधींच्या संख्येने खपले. थोरल्यांच्या मुलाने तसलेच एक टेबल मागवण्याची तयारी दाखवली. मिस्त्रींना त्याचे चित्र आवडले, पण त्यांचे म्हणणे बदलले नाही. घडीचे टेबल करवतीला चालेल. रंधा मारताना माणूस अंगाचा सारा भार पुढे टाकतो, तेव्हा हलके टेबल त्याच्याबरोबर चालू लागते. प्लायवूड लावले तर ठोक्यागणिक उसळेल. खाली वजन हवे, वर निदान चार इंचांची जाडी हवी. आणि बोलता बोलता ते बारदानामागच्या तुळईकडे पाहू लागले.

नवे झाड तोडण्याचा प्रश्न नव्हता, ही गोष्ट थोरल्यांच्या मनाला प्रथम पटली. दुसरी गोष्ट कठीण होती. तुळई सामाईक होती.

तो फोन त्यांनी एका साध्या मंगळवारी केला. पर्युषण नव्हते, कोणाचे लग्न नव्हते. विषय तुळईचा आहे म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग धाकटे म्हणाले, ‘भाईसा, मी येतो. तोवर करवत लावू नका.’ रागाने म्हणाले की दुसऱ्या कशाने, ते फोनवर कळण्यासारखे नव्हते.

ते येईपर्यंत मिस्त्रींनी एकच काम करून घेतले. तुळई झाडून-पुसून तिच्याखाली पांढरे कापड अंथरले आणि आठ दिवस तसेच ठेवले. आत घुण जिवंत असेल तर ताजा भुसा कापडावर पडतो. रोज सकाळी थोरले पुंजणी हाती घेऊन कापड पाहायला जात. कापड स्वच्छ राहिले.

धाकटे आले, तुळईपाशी उभे राहिले आणि तिच्या एका टोकाला हात लावून खाली वाकले. तिथे लोखंडाची एक कडी होती. त्या कडीला पाळणा टांगला जाई; दोघेही त्याच पाळण्यात वाढले होते. थोरल्यांना वाटत होते की धाकट्यांना तुळई हवी ती लाकडाच्या भावासाठी; धाकट्यांना वाटत होते की थोरल्यांना ती हवी ती वाड्याच्या मोठेपणासाठी. कडीचे नाव १९९५ साली दोघांपैकी कोणीही काढले नव्हते. आताही फार बोलणे झाले नाही. धाकट्यांनी कागद मागितला आणि दोघे भाऊ हिशेबाला बसले, कारण ते त्यांना उत्तम येत होते.

नऊ इंच रुंद, नऊ इंच जाड, अठरा फूट लांब. सहा-सहा फुटांचे तीन तुकडे. एक तुकडा उभा चिरला की रंध्याची घट धरून चार-चार इंचांच्या दोन फळ्या. दोन तुकड्यांच्या चार फळ्या झाल्या. त्यांतल्या तीन जोडल्या की सव्वादोन फूट रुंदीचा माथा होतो आणि चौथी फळी मधोमध चिरून आखडली की चार पाय. खालच्या आडव्या पट्ट्या जुन्या दाराच्या चौकटीतून निघतील. तिसरा तुकडा, कडीचा, उरतो. ‘म्हणजे दोन हिस्से तुमचे आणि एक माझा,’ धाकटे म्हणाले. थोरले म्हणाले, ‘कडीचा भाव तू लाव.’ यावर धाकटे हसले. तो भाव काही लावला गेला नाही.

वखारीत नेण्यापूर्वी मिस्त्रींनी ध्वनिक्षेपकातले एक जुने लोहचुंबक दोऱ्याला बांधून तुळईवरून फिरवले. जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात आणि एक खिळा करवतीच्या पात्याचे दात उडवू शकतो. अकरा निघाले. चिरल्यावर आत लाकूड मधासारखे निघाले आणि खोलीभर सागाचा वास पसरला. सागात वाळूसारखे कण असतात, त्यामुळे धार लवकर जाते. दर अर्ध्या तासाने रंध्याचे पाते दगडावर घासावे लागे. पहिल्या दिवशी थोरल्यांच्या तळहाताला दोन फोड आले. त्यांनी ते जेवताना पानावर हात मुद्दाम उताणा ठेवून सर्वांना दिसू दिले, असे घरची मंडळी सांगतात.

फळ्या चिकटवण्याच्या वेळी मिस्त्रींना वडिलांचे दिवस आठवले. तेव्हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस डब्यात उकळावा लागे. या वाड्यात त्याची चूल अंगणाच्या पलीकडे मांडायची, अशी आजोबांची सक्त ताकीद असे. १९५९ साली फेविकॉल आले आणि ती चूल हळूहळू विझली. ते आणणारे बळवंत पारेख महुव्याच्या जैन कुटुंबातले. कायद्याचे शिक्षण झाले असूनही वकिलीत मन रमेना, तेव्हा मुंबईत एका लाकूड-व्यापाऱ्याकडे त्यांनी शिपायाचे काम केले. कायदा शिकलेला माणूस सुताराच्या डब्यापर्यंत असा पोहोचला. साग मुळात तेलकट; रंधा मारल्यावर लगेच डिंक लावला नाही तर तेल पुन्हा वर येते आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून दोघे भाऊ आणि मिस्त्री यांनी तिन्ही फळ्यांच्या कडा एकाच सकाळी तासल्या आणि त्याच घटकेला जोडून आवळल्या.

उंचीवरून मात्र वाद झाला. सरळ उभे राहावे, हात खाली सोडावा, तळहात जमिनीशी समांतर करावा. तो जिथे येईल तिथे माथा असावा, असा मिस्त्रींचा नियम. थोरल्यांचा हात बत्तीस इंचांवर येत होता, धाकट्यांचा चौतीसवर. काम थोरलेच करणार होते. तरी त्यांनी तेहतीस सांगितले. मिस्त्रींनी काही न विचारता तेहतीसवर रेघ ओढली.

आणखी एक गोष्ट मोटारीच्या खोलीत घर बांधणाराही विसरतो : पाणी वाहून जावे म्हणून तिची फरशी शटरकडे उतरती असते. पाणसळ ठेवली तेव्हा सहा फुटांत एक इंचाचा उतार निघाला. पाचर ठोकून भागले असते. पण पाचर महिन्याभरात सरकते. शटरकडचे दोन पाय इंचभर लांब ठेवले. पायांच्या वरच्या टोकांना कूस काढून त्या माथ्यात पाडलेल्या भोकांत बसवल्या. सर्व उभे राहिल्यावर दोघा भावांनी दोन्ही बाजूंनी रेटून पाहिले. टेबल हलले नाही. थोरल्यांच्या अंदाजाने वजन सव्वा क्विंटल होते. हा अंदाज पोती उचलून आलेला असल्याने मिस्त्रींनीही मान्य केला.

वरून लाखेचे पॉलिश नको, हे आधीच ठरले होते. जवसाचे उकळवलेले तेल दिले. त्या तेलाने घात होता होता राहिला. तेल पुसलेल्या चिंध्या संध्याकाळी कोणीतरी गोळा करून बारदानावर टाकल्या. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते. चिंध्यांचा बोळा असेल तर ती उष्णता आतच कोंडते आणि आपोआप पेट घेते. रात्री साडेनऊला थोरले शटर ओढायला गेले आणि दारातच थबकले. कापसाच्या गोदामात उमेदवारी केलेल्या नाकाला तो वास अनोळखी नव्हता. बोळा हातात धरवत नव्हता. त्यांनी तो बादलीत बुडवला. दुसऱ्या दिवसापासून चिंध्या तारेवर एकेक सुट्या वाळत घातल्या जाऊ लागल्या आणि बारदान त्या खोलीतून कायमचे हलले.

नव्या टेबलावरचे पहिले काम म्हणून थोरल्यांनी पत्नीसाठी एक उंच बाजोट केला. खाली बसून सामायिक करणे त्यांना जमत नव्हते आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसणे त्यांना आवडत नव्हते. बाजोटाचा एक पाय किंचित आखूड झाला. त्याखाली त्या पुठ्ठ्याची घडी ठेवतात आणि कोणाला काढू देत नाहीत.

कडीचा तुकडा धाकट्यांनी टेम्पोने पुण्याला नेला. महिन्याभराने त्यांचा फोन आला. सदनिकेत तो मावत नाही, सोसायटीच्या वाहनतळावर ठेवला आहे, चिटणीस रोज विचारतात; परत पाठवू का?

‘पाठवू नकोस,’ थोरले म्हणाले. ‘मिस्त्रींना घेऊन मी येतो. तुझ्या गॅलरीची लांबी-रुंदी मोजून ठेव. आणि या वेळी चौतीस धरायचे.’