पुस्तकी दराचं इंधन

रिफायनरी आलेल्या क्रूडचा काही भाग स्वतःच जाळते. आम्ही त्याला ‘फ्युएल अँड लॉस’ म्हणतो. कारखान्याच्या रचनेनुसार शंभर टनांमागे साधारण सहा ते दहा टन असे खर्ची पडतात. नियोजन विभागात हा आकडा रोज माझ्या टेबलावर यायचा, आणि त्या जळालेल्या टनांची किंमत मी वर्षानुवर्षं चुकीची धरत आलो.

भट्टीत जाण्याआधी क्रूड बाहेर पडणाऱ्या गरम तेलांकडून उष्णता घेतं. एक्स्चेंजरच्या ट्यूबांत चिकट थर साचला, की भट्टीत थंड तेल पोचतं आणि ती उणीव जास्तीचं इंधन जाळून भरून निघते. शिफ्टवाले म्हणत, ‘साहेब, एक्स्चेंजरची ही जोडी खोलून धुवायला द्या.’ मी नकार द्यायचो. जोडी बंद ठेवली तर थ्रूपुट, म्हणजे दिवसाला शुद्ध होणारं क्रूड, घटणार, ते नुकसान लगेच डोळ्यांत भरायचं. वाचणारं इंधन मात्र मी हिशेबातल्या जुन्या, स्वस्त दराने मोजत होतो. धुण्याचा खर्च वसूल होताना दिसायचाच नाही. वर अहवालात ‘ऑपरेशनमध्ये शिस्त कमी’ असंही लिहिलं. ते वाक्य आजही खुपतं.

तो दर नियंत्रित किमतींच्या काळातला. 1 एप्रिल 1998 पर्यंत आपल्याकडे रिफायनरीला खर्च भरून मिळायचा, शिवाय नक्त मूल्यावर 12 टक्के परतावा. ठरलेल्या मर्यादेत जाळलेलं इंधनही त्या खर्चातच. व्यवस्था मोडली, पण माझ्या शीटमधला रकाना तसाच राहिला, आणि मी तो तपासला नाही.

2008 च्या जुलैत क्रूड पिंपाला 147 डॉलरपर्यंत गेलं. पंपावरचे भाव सरकार धरून होतं, भरपाई बरीचशी रोख्यांच्या रूपात यायची आणि रोकड कर्ज काढून उभी करावी लागायची. अशा वेळी एक्स्चेंजरचे नवे ट्यूब बंडल पुढं ढकलण्याच्या टिपणीवर मी बिनदिक्कत सही केली. खरं तर वाचवलेला टन सर्वांत मोलाचा होता तो त्याच महिन्यांत.

पुढं शहाणपण आलं ते जरा जास्तच. मी सगळ्याच इंधनाला बाजारभाव लावला. नकार दिलेले प्रस्ताव पटापट फायद्यात दिसू लागले. मग ऊर्जा विभागातल्या एका तरुण मुलीने विचारलं, ‘सर, फ्युएल गॅस जास्त होऊन फ्लेअरला जातो त्या दिवसांचं काय?’ आमच्याकडे तो गॅस विकायला पाइपलाइन नव्हती. त्या दिवशी भट्टीत वाचवलेला गॅस फक्त फ्लेअरच्या, म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या चिमणीच्या, टोकाशी जळणार, म्हणजे त्याची किंमत शून्य. धुवायच्या जोड्यांची यादी पुन्हा लावावी लागली. या खेपेला आधी फ्लेअरच्या नोंदी मागवल्या.